२०० नॅनोमीटरची सुई: जिवाणूंना मारणारे विषाणू नेमकं करतात काय?

आत्याच्या पायाची जखम दीड महिना भरत नव्हती. मधुमेह जुना, त्यात टाचेजवळ चप्पल लागून आलेला फोड. शेवटी डॉक्टरांनी जखमेतला पू कल्चरला पाठवला आणि तीन दिवसांनी रिपोर्ट हातात आला. वर जिवाणूचं नाव होतं, स्यूडोमोनास एरुजिनोसा. खाली औषधांची यादी आणि प्रत्येक औषधासमोर एक अक्षर. ‘एस’ म्हणजे औषध लागू पडतं, ‘आर’ म्हणजे पडत नाही. मी बोट ठेवून ओळीओळीने खाली येत गेलो. आर, आर, आर, आर. पहिला ‘एस’ सापडला तो शेवटून दुसऱ्या ओळीत.

त्याच रात्री आतेभावाचा फोन आला. “दादा, गंगेच्या पाण्यात जंतू खाणारे विषाणू असतात म्हणे. ग्रुपवर मेसेज आलाय. खरं आहे का हे? आईच्या जखमेवर थोडं टाकून बघू?”

“विषाणू असतात हे खरं आहे, पण पाणी टाकू नकोस,” एवढंच मला तेव्हा सांगता आलं. त्या ‘पण’मध्ये बरंच काही आहे. २०२५ च्या प्रयागराज कुंभापासून हे मेसेज फिरताहेत आणि नाशिकच्या सिंहस्थाच्या निमित्ताने गोदावरीबद्दलही येतील. म्हणून त्याला जे सांगायचं होतं ते इथे सविस्तर लिहितो.

आधी जिवाणू आणि विषाणू यांतला फरक

आपण दोघांनाही ‘जंतू’ म्हणतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. जिवाणू म्हणजे बॅक्टेरिया. ही एक पूर्ण, जिवंत पेशी असते. ती खाते, वाढते, आणि काही जाती तर वीस मिनिटांत एकाच्या दोन होतात. दह्यातले, टायफॉइडचे, क्षयाचे, हे सगळे जिवाणू.

विषाणू म्हणजे व्हायरस. त्याचा स्वतःचा संसार नसतो. प्रथिनांची एक डबी आणि तिच्यात स्वतःच्या नकला काढायची लिहिलेली कृती, एवढाच त्याचा ऐवज. चूल, भांडी, शिधा सगळं दुसऱ्याच्या घरातलं. काही विषाणू माणसाच्या पेशीत शिरतात, काही पपईच्या झाडात, आणि काही फक्त जिवाणूंत. या शेवटच्या गटाला बॅक्टेरिओफाज म्हणतात, थोडक्यात फाज. नावातल्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘खाणे’. प्रत्यक्षात फाज जिवाणूला खात नाही, आतून फोडतो.

फाज दुर्मिळ मुळीच नाहीत. पृथ्वीवर त्यांची संख्या एकावर ३१ शून्यं इतकी असावी असा अंदाज आहे. समुद्राच्या चमचाभर पाण्यात कोट्यवधी विषाणू असतात आणि त्यातले बहुतेक फाजच. आपल्या आतड्यात, शेतातल्या मातीत, गटारात, जिथे जिवाणू तिथे फाज.

उतरायचं, चाचपायचं, टोचायचं

सगळ्यात जास्त अभ्यासलेल्या फाजपैकी एक म्हणजे टी-४. तो ई. कोलायवर जगतो, म्हणजे आपल्या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूवर. टी-४ ची लांबी साधारण २०० नॅनोमीटर. केसाची जाडी ८०,००० नॅनोमीटर धरली, तर एका केसाच्या रुंदीवर ४०० फाज ओळीने झोपतील. साध्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसत नाही. फाज पहिल्यांदा दिसले १९४० मध्ये, हेल्मुट रुस्का यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरले तेव्हा.

वरच्या बाजूला पैलू पाडल्यासारखं लांबट डोकं, त्यात सुमारे १,६९,००० अक्षरांचा डीएनए. डोक्याखाली शेपटी. शेपटीत एक कडक, पोकळ नळी आणि तिच्याभोवती स्प्रिंगसारखं आवरण. तळाला षटकोनी चकती आणि चकतीला सहा लांब, बारीक पाय.

तो पोहत नाही, पाहत नाही. पाण्याच्या धक्क्यांनी भरकटत असतो. एखाद्या जिवाणूवर आदळला की पायांची टोकं पृष्ठभागावर टेकतात. तिथे ठरावीक प्रथिन किंवा साखरेची ठरावीक साखळी असेल तर पाय धरतात, नसेल तर तो पुढे वाहून जातो. किल्ली आणि कुलूप म्हणा. हे कुलूप नेमकं जुळावं लागतं ही एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

पुरेसे पाय टेकले की खालची चकती षटकोनातून चांदणीसारखी उघडते आणि भोवतालचं आवरण आक्रसून निम्म्याहून कमी लांबीचं होतं. आतली नळी आक्रसू शकत नाही, म्हणून ती खाली रेटली जाते आणि जिवाणूच्या बाहेरच्या पटलातून आरपार जाते. नळीच्या टोकाशी भिंत विरघळवणारं प्रथिनही असतं, तेवढीच वाट मोकळी होते. या कामासाठी फाज त्या क्षणी कसलंही इंधन जाळत नाही. उंदराच्या सापळ्यात जोर आपण सापळा लावताना भरतो आणि उंदीर आला की तोच सुटतो, तसं. फाज तयार होतानाच शेपटी ताणलेल्या स्थितीत बांधली गेलेली असते.

मग डोक्यातला डीएनए नळीतून आत जातो. तो डोक्यात कमालीचा ठासून भरलेला असतो. फाय-२९ नावाच्या दुसऱ्या एका फाजमध्ये हा दाब वातावरणाच्या दाबाच्या ५०-६० पट असावा असा हिशोब निघाला. चारचाकीच्या टायरमधला दाब दोन-अडीच पट असतो.

आत फक्त डीएनए जातो आणि डबी बाहेर राहते, हे सिद्ध करायला १९५२ मध्ये आल्फ्रेड हर्शी आणि मार्था चेस यांनी चक्क स्वयंपाकघरातला मिक्सर वापरला. टी-४ च्या भावंडाच्या, टी-२ च्या, डीएनएवर किरणोत्सारी फॉस्फरसची खूण केली आणि प्रथिनांवर किरणोत्सारी गंधकाची. फाज जिवाणूंना चिकटल्यावर मिश्रण मिक्सरमधून फिरवलं. बाहेरच्या डब्या सुटून पाण्यात आल्या. गंधक बरंचसं पाण्यात सापडलं, फॉस्फरस जिवाणूंच्या आत. आनुवंशिकतेची कृती डीएनएवर लिहिलेली असते याच्या भक्कम पुराव्यांत हा प्रयोग गणला जातो.

आतली २५ मिनिटं

आत शिरलेला डीएनए जिवाणूचा कारभार ताब्यात घेतो. जिवाणूचा स्वतःचा डीएनए कापून त्याचे तुकडे नव्या फाजच्या डीएनएसाठी वापरले जातात. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात धड एका रांगेत, हात दुसरीकडे आणि जोडणी शेवटी होते, तशी इथे डोकी वेगळी, शेपट्या वेगळ्या, पाय वेगळे तयार होऊन मग एकत्र येतात.

आता बाहेर पडायचं कसं? जिवाणूच्या आत दाब असतो. पातळ पटल म्हणजे सायकलची ट्यूब आणि त्याबाहेरची कडक भिंत म्हणजे टायर, असं समजा. टायर कापला की ट्यूब फुगून फुटते. फाज हेच घडवतो. होलिन नावाचं प्रथिन आतल्या पटलात गुपचूप साचत राहतं आणि ठरलेल्या वेळी एकदम भोकं पाडतं. त्या भोकांतून एंडोलायसिन नावाचं दुसरं प्रथिन भिंतीपर्यंत पोचतं आणि भिंतीची वीण उसवतं. पेशी फुटते. शरीराच्या तापमानाला २५-३० मिनिटांत शंभर-दोनशे नवे फाज बाहेर पडतात आणि प्रत्येक जण पुढच्या जिवाणूच्या वाटेवर.

हे नुसत्या डोळ्यांनीही दिसतं. काचेच्या बशीत जेलीवर जिवाणूंचा थर वाढवला की साय धरल्यासारखा धुरकट पापुद्रा येतो. त्यात फाज मिसळलेले असतील तर दुसऱ्या दिवशी पापुद्र्यात टाचणीच्या डोक्याएवढी स्वच्छ, पारदर्शक भोकं दिसतात. प्रत्येक भोक एका फाजपासून सुरू झालेलं. बशी उजेडासमोर धरून ही भोकं मोजतात आणि त्यावरून नमुन्यात किती फाज होते ते कळतं. १९१५ मध्ये लंडनला फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी असाच प्रकार नोंदवला होता. १९१७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फेलिक्स द’हेरेल यांनी आमांशाच्या जिवाणूंवर तो पाहिला, हे काम विषाणूचं आहे असं ठामपणे म्हटलं आणि ‘बॅक्टेरिओफाज’ हे नाव दिलं. १९१९ मध्ये त्यांनी पॅरिसच्या रुग्णालयात आमांशाच्या मुलांना फाज पाजलेसुद्धा. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून नऊ वर्षं होती.

सगळेच फाज मारत नाहीत

हा भाग मेसेजमध्ये कधीच नसतो. काही फाज आत शिरल्यावर लगेच फोडाफोडी करत नाहीत. आपला डीएनए जिवाणूच्या डीएनएत जोडून देतात आणि पिढ्यान् पिढ्या भाडेकरूसारखे राहतात. कधीकधी ते सोबत वाईट सामानही आणतात. कॉलऱ्याच्या जिवाणूचं जे विष माणसाच्या शरीरातलं पाणी काढून घेतं, त्याची जनुकं मुळात एका फाजवर असतात, हे १९९६ मध्ये वाल्डोर आणि मेकालानोस यांनी दाखवलं. घटसर्पाच्या विषाचंही तेच. म्हणजे फाजच एखाद्या साध्या जिवाणूला जीवघेणा बनवू शकतो. उपचारासाठी म्हणूनच फक्त मारणारे फाज निवडतात आणि त्यांचा डीएनए आधी पूर्ण वाचून पाहतात.

डोकं नसलेली शेपटी

मला या सगळ्या विषयात सर्वांत थक्क करणारी गोष्ट ही वाटते.

१९५४ मध्ये फ्रान्सवा जाकोब यांनी स्यूडोमोनासमध्ये, म्हणजे आत्याच्या रिपोर्टवरच्याच जिवाणूत, एक मारक पदार्थ शोधला. त्याला पायोसिन म्हणतात. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काही पायोसिन पाहिले, तर दिसल्या चक्क फाजच्या शेपट्या. नळी आहे, आक्रसणारं आवरण आहे, पाय आहेत. डोकं मात्र नाही. डीएनएही नाही. अशा कणांना आता टेलोसिन म्हणतात.

कधीकाळी या जिवाणूंच्या पूर्वजांत एखादा फाज भाडेकरू म्हणून शिरला असणार. त्याची डोक्याची जनुकं काळाच्या ओघात गेली, शेपटीची जिवाणूने ठेवून घेतली आणि हत्यार म्हणून वापरायला सुरुवात केली. कोणावर? स्वतःच्या सर्वांत जवळच्या नातेवाइकांवर. एकाच जागेवर, एकाच अन्नावर हक्क सांगणारे तेच असतात. भाऊबंदकी माणसांचीच असते असं नाही.

मारायची रीत फाजपेक्षा वेगळी आहे. फाजला जिवाणू आत पिलावळ तयार होईपर्यंत जिवंत हवा असतो, त्याशिवाय त्याची पुढची पिढी तयार कशी होणार? टेलोसिनला पिढीच नाही. पाय टेकले, कुलूप जुळलं, आवरण आक्रसलं, नळी आत गेली आणि तशीच उघडी राहिली. जिवाणूच्या पटलाच्या दोन बाजूंना विद्युतभारात फरक असतो आणि त्यावर पेशीचा जीव चालतो. इन्व्हर्टरची बॅटरी म्हणा. उघड्या नळीतून भारित कण सुसाट वाहतात, बॅटरी उतरते आणि पेशी मरते. अशा एका कणाचा घाव एका जिवाणूला पुरेसा ठरू शकतो. पेशी न फुटताही मारता येतं, आणि त्यासाठी फाजची नुसती सुई पुरते.

हे हत्यार सोडण्याची किंमतही जबर आहे. स्यूडोमोनासला टेलोसिन बाहेर टाकायचे तर स्वतः फुटावं लागतं. डीएनएला इजा झाली की काही पेशी टेलोसिन बनवायला लागतात, शेवटी फुटतात आणि शेकडो शेपट्या भोवताली विखुरतात. त्याच वाणाच्या सख्ख्या पेशींवर ते कुलूप नसतं, त्या वाचतात. चुलत घराणी मरतात.

संशोधकांनी या शेपट्यांचे पाय बदलून पाहिले. ई. कोलायच्या एका घातक वाणाला धरणारे पाय जोडले, तर तीच शेपटी त्याला मारू लागली. अँटिबायोटिकनंतर जुलाब लावणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसीलवरही उंदरांत असे प्रयोग झाले आहेत. डीएनए नसल्यामुळे टेलोसिन विषाची जनुकं इकडून तिकडे नेऊ शकत नाही. पण त्याची वाढही होत नाही, म्हणून जितके जिवाणू मारायचे त्या हिशोबाने भरपूर मात्रा द्यावी लागते.

“विषाणूच तो, मग आपल्याला लागण होणार नाही का?”

नाही. आपल्या पेशींवर ते कुलूप नसतं आणि जिवाणूसारखी भिंतही नसते. आपण फाज रोज खातो, पितो, अंगावर बाळगतो. धोका असतो तो कच्च्या मालाचा. फाज वाढवायला जिवाणू फोडावे लागतात आणि फुटलेल्या जिवाणूंचे तुकडे रक्तात गेले तर जोराचा ताप येऊ शकतो, रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून शिरेतून द्यायचे फाज फार काळजीने शुद्ध करावे लागतात.

“मग हे औषध दुकानात का मिळत नाही?”

इथे ते कुलूप आडवं येतं. बहुतेक अँटिबायोटिक तणनाशकाच्या फवारणीसारखी काम करतात. अनेक जातींवर एकदम, पोटातल्या उपयोगी जिवाणूंसकट. फाज म्हणजे खुरपणी. तेवढंच तण उपटतं, बाकी रान शाबूत. पण खुरपणाऱ्याला तण ओळखता यायला हवं. एका स्यूडोमोनासवर चालणारा फाज शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाच्या स्यूडोमोनासवर चालेलच असं नाही. प्रत्येक रुग्णाचा जिवाणू वाढवायचा, साठ्यातले फाज त्यावर लावून पाहायचे, जुळणारे वाढवायचे, शुद्ध करायचे आणि हे सगळं रुग्ण हातचा जाण्याआधी.

सोव्हिएत जॉर्जियात हे काम थांबलं नाही. तिबिलिसीत जॉर्ज एलियावा यांनी १९२३ मध्ये संस्था उभारली. १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीने त्यांना ठार केलं, पण संस्था टिकली आणि आजही उपचार करते. पश्चिमेत मात्र अँटिबायोटिक आल्यावर फाज मागे पडले. २०१६ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगो इथे कोमात गेलेला एक रुग्ण शिरेतून दिलेल्या फाजने वाचला, तेव्हा पुन्हा सगळ्यांचं लक्ष गेलं. लंडनमधल्या एका मुलीला २०१८ मध्ये तीन फाज दिले गेले. त्यातला एक दक्षिण आफ्रिकेत डर्बनला सडक्या वांग्यावर सापडलेला होता. उरलेले दोन भाडेकरू जातीचे, त्यांची राहून जायची सवय जनुक काढून मोडावी लागली.

अशा गोष्टी वाचताना आशा वाटते आणि वाटायलाच हवी. पण एकेका रुग्णाची गोष्ट आणि चाचणी यांत फरक असतो. फ्रान्स, बेल्जियम आणि स्वित्झर्लंडने मिळून ‘फागोबर्न’ ही चाचणी केली. भाजलेल्या रुग्णांच्या स्यूडोमोनासने दूषित जखमांवर १२ फाजांचं मिश्रण लावलं. नेहमीच्या मलमापेक्षा फाज संथ ठरले. नंतर लक्षात आलं की साठवणीत बहुतेक फाज निकामी झाले होते आणि रुग्णांपर्यंत ठरल्यापेक्षा हजारो पटींनी कमी पोचले. मला हा निकाल फाजच्या विरोधातला वाटत नाही. तो बाटलीत फाज टिकवणं किती अवघड आहे हे सांगतो.

“जिवाणू यालाही सरावतील की!”

सरावतात, आणि फार लवकर. जिवाणू कुलूपच बदलतो. किंवा आत आलेला डीएनए कापणाऱ्या कात्र्या बाळगतो. दूध व्यवसायाला हे जुनं माहीत आहे, कारण विरजणात फाज शिरला तर हजारो लिटर दुधाचं दही लागत नाही. अशाच दह्या-चीजच्या जिवाणूंवर काम करताना २००७ मध्ये दिसलं की वाचलेले जिवाणू हल्लेखोर फाजच्या डीएनएचा तुकडा आपल्याकडे जपून ठेवतात आणि पुढच्या वेळी त्यावरून त्याला ओळखून कापतात. त्या यंत्रणेचं नाव क्रिस्पर. पुढे तिच्यापासून जनुकं बदलायचं तंत्र निघालं आणि २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं.

पण इथे एक सुंदर डाव टाकता येतो. काही स्यूडोमोनास पोटात शिरलेलं अँटिबायोटिक पंपाने बाहेर फेकतात, म्हणून तर रिपोर्टवर ‘आर’ येतो. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या संशोधकांना एका तळ्यात असा फाज सापडला, जो याच पंपाच्या बाहेरच्या तोंडाला धरून आत शिरतो. आता जिवाणूने करायचं काय? पंप ठेवला तर फाज मारणार, पंप मोडला तर अँटिबायोटिक मारणार. म्हणून आज फाज बहुतेकदा अँटिबायोटिकच्या जोडीने देतात.

आणि गंगेचं पाणी?

१८९६ मध्ये आग्र्याला काम करणारे अर्नेस्ट हॅन्किन यांनी लिहिलं की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जिवाणू काही तासांत मरतात आणि पाणी उकळलं की हा गुण जातो. पाण्यात एखादं उडून जाणारं द्रव्य असावं असा त्यांचा कयास होता. ते फाजच होते असं आज बरेच जण सांगतात, तर काही अभ्यासकांना तो पुरावा पुरेसा वाटत नाही.

गंगेत फाज आहेत यात शंका नाही. तसे ते मुळा-मुठेत आहेत आणि मिठी नदीतही. फाज शोधणारे लोक सर्वांत आधी सांडपाण्याचाच नमुना घेतात, कारण शिकार असल्याशिवाय शिकारी वाढत नाही. शिवाय शिकारी शिकार कधीच संपवत नाही, नाहीतर तोही संपेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हरित लवादाला दिलेल्या अहवालात, कुंभाच्या काळात प्रयागराजला विष्ठेतल्या जिवाणूंचं प्रमाण वेळोवेळी स्नानाच्या मर्यादेवर गेल्याची नोंद होती. फाज तेव्हाही त्याच पाण्यात होते.

आतेभावाला दुसऱ्या दिवशी मी हेच सांगितलं. नदीच्या पाण्यात आईच्या जखमेतल्या नेमक्या जिवाणूचं कुलूप उघडणारा फाज असेलच असं नाही. त्याच्याबरोबर नवे जिवाणू मात्र नक्की जातील. आत्याला रिपोर्टवरच्या त्या एका ‘एस’चं इंजेक्शन दवाखान्यात ठेवून दिलं. मूत्रपिंडावर लक्ष ठेवायला एक दिवसाआड रक्त तपासायचे. जखम सुकायला सात आठवडे लागले.

तो रिपोर्ट मी फाइलमध्ये जपून ठेवलाय. स्यूडोमोनासच्या बहुतेक वाणांत पायोसिनची जनुकं असतात. म्हणजे आत्याच्या टाचेत जवळजवळ सगळ्या औषधांना दाद न देणारा जो जिवाणू वाढत होता, त्याच्या डीएनएत त्याच्याच भाऊबंदांना मारणाऱ्या त्या बिनडोक्याच्या शेपटीची कृतीही बहुधा लिहिलेली होती.